स्पार्क प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ

तांबे, निकेल किंवा ॲल्युमिनियमची बारीक भुकटी ग्रीसमध्ये कालवून तयार केलेल्या लेपाला अँटी-सीझ म्हणतात. त्यात बहुधा ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडही असते. उष्णतेने ग्रीस जळून जाते, पण भुकटी आट्यांच्या फटीत टिकते आणि दोन धातूंना एकमेकांत रुतू देत नाही. एक्झॉस्टच्या बोल्टला हा लेप लावणे योग्यच. स्पार्क प्लगला तो लावावा की नाही यावर मात्र मेकॅनिकांमध्ये जुना वाद आहे. आज बाजारात मिळणाऱ्या मुलामा दिलेल्या प्लगपुरते उत्तर स्पष्ट आहे: लावू नये.

लेप लावण्याची सवय निराधार नव्हती. प्लगचे कवच पोलादी आणि इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. शिवाय ओल आणि क्षार मिळाले की या दोन धातूंच्या सांध्यात विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तो अधिक जोर धरतो. पूर्वीच्या बऱ्याच प्लगांच्या कवचावर फक्त काळ्या ऑक्साइडचा थर असे आणि तो गंजाला फारसा अटकाव करत नसे. असा प्लग वर्षानुवर्षे न काढता राहिला की जाम होई, आणि जोर लावून काढताना हेडचे आटेही सोबत घेऊन येई. अशा काळ्या प्लगला जुन्या मिस्त्रींनी लेप लावला तो अनुभवातूनच. आता कवचावर निकेलचा किंवा क्रोमियमयुक्त जस्ताचा चकचकीत मुलामा येतो. प्लग सहज सुटावा हे काम तो मुलामाच करतो.

लेपाने नुकसान कसे होते हे समजायला टॉर्क, म्हणजे पान्ह्याने दिलेला पीळ, कुठे खर्च होतो ते पाहावे लागते. पान्ह्याने लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर आटे आणि बैठक यांच्या घर्षणातच खर्ची पडतो. प्लग घट्ट धरून ठेवायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. कंपनीचा टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांचे घर्षण धरून काढलेला असतो. १४ मिमीच्या प्लगला २५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि घर्षणावर ठरणारा टॉर्कचा गुणांक ०.२ धरला, तर आट्यांवर सुमारे ९०० किलोचा ताण येतो. लेपाने तोच गुणांक ०.१५ झाला की टॉर्क रेंच तितकाच आकडा दाखवतो, ताण मात्र १२०० किलोवर गेलेला असतो. परिणामी कवच ताणले जाते, आतली वायुबंद बैठक सैल होते, आणि ॲल्युमिनियमचे मऊ आटे सोलून निघू शकतात. लेपामुळे टॉर्कमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक पडतो, असे जपानची एनजीके कंपनी सांगते; आपल्या मुलामा दिलेल्या प्लगांना लेप लावू नये अशी तिची सूचना आहे. अमेरिकेची ऑटोलाइटही लेपाला नकार देते आणि आणखी एक कारण देते: लेपातली धातूची भुकटी विद्युतवाहक असते. ती आतल्या चिनीमातीच्या टोकाला लागली तर ठिणगी भलत्या वाटेने जाते आणि इंजिन मिसिंग करू लागते. लेपामुळे प्लगचे अर्थिंग तुटते असेही काही जण म्हणतात. ती भीती मला फारशी पटत नाही, कारण प्लगच्या बैठकीवर धातूला धातू घट्ट टेकलेला असतो.

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच मोटारसायकलींना १० मिमी आट्यांचा प्लग लागतो, आणि सर्वांत जास्त जपावे ते इथेच. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये या मापासाठी एनजीकेचा आकडा १० ते १२ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला अवघे ४ ते ५ किलोचे बळ. टॉर्क रेंच नसेल तर कोनाचा हिशेब धरावा. वॉशरवाला नवा १४ मिमीचा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, आणि वॉशर आधीच दबलेला जुना प्लग असेल तर फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. या पद्धतीत वॉशर किती दबणार हे आट्यांच्या अंतरावर ठरते, त्यामुळे घर्षणाच्या चुकीचा फटका कमी बसतो. गॅरेजमध्ये हीच पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. अर्थात सैल प्लगही वाईटच: त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, टोक लाल होते आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटू लागते.

विमानांच्या पिस्टन इंजिनांत मात्र लेप हा रीतीचाच भाग आहे. तिथे प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि साधारण दर १०० तासांच्या तपासणीत ते काढून साफ करतात. बसवताना टोकाकडचा पहिला आटा कोरडा ठेवून पुढच्या एक-दोन आट्यांना ग्रॅफाइटचा किंवा तांब्याचा लेप अगदी थोडा लावतात. लायकमिंग इंजिनांसाठी ठरलेला ३५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ४७ न्यूटन-मीटर, हा आकडा याच रीतीसोबत पाळला जातो.

दुसरा अपवाद फोर्डच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या इंजिनाचा. २००४ ते २००८ या काळातल्या या इंजिनांच्या प्लगला आट्यांखाली लांब, बारीक नळी होती. तिच्याभोवती कार्बन साचून ती अडके आणि प्लग काढताना तुटून हेडमध्येच राही. फोर्डने नवा प्लग बसवताना निकेलचा लेप सांगितला तो या नळीला. आट्यांसाठी ती सूचना नव्हती.

बाकी सर्व इंजिनांत स्वच्छता आणि धीर यांनीच काम भागते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, प्लगच्या खोबणीतली धूळ हवा मारून उडवावी. जुन्या पेट्रोल पाइपचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला बसवून प्लग हाताने फिरवावा. आटे तिरके धरले तर पाइप घसरतो आणि चूक लगेच कळते. जाम प्लग एका दमात ओढून काढू नये. पाव फेरा सैल करून गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, मग पुढे-मागे करत बाहेर घ्यावा. आटे गेलेच तर हेडला मोठा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारून स्टीलच्या तारेचे हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची गुंडाळी, बसवतात. टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस तिथेच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही.