गुंड ओसंडतो तो शेवटच्या अठरा सेकंदांत

स्टीलचा गुंड (पाण्याची कळशी) पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनच्या तोटीखाली लावला की बराच वेळ पाणी चढताना दिसतच नाही. पोटाचा व्यास 24 सेंटिमीटर आणि धार मिनिटाला दीड लिटर धरली, तर पाणी एक सेंटिमीटर वर यायला 18 सेकंद लागतात. गळ्याचा व्यास मात्र 12 सेंटिमीटर. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून गळ्यात पाणी चौपट वेगानं चढतं. चार सेंटिमीटरचा अख्खा गळा तेवढ्याच 18 सेकंदांत भरतो. तव्यावरची पोळी उलटून येईपर्यंत ओटा ओला! तोटी बंद करायची ती पाणी गुंडाच्या खांद्याशी आलं की, गळ्याशी नव्हे. उन्हाळ्यात माठ भरतानाही हेच.

20 लिटरच्या कॅनची गोष्ट वेगळी. मशीनच्या टाकीत साधारण 8 लिटर पाणी असतं. ते दहा-बारा मिनिटांत उतरतं, तेही धार बारीक होत होत, कारण टाकीतली पातळी चौथाईवर आली की धार निम्मी होते. त्यानंतर तोटीतून येतं ते फक्त मेम्ब्रेन, म्हणजे मशीनमधली बारीक गाळणी, गाळेल तेवढंच. 75 जीपीडीचं (दिवसाला 75 गॅलनचं) मेम्ब्रेन दिवसाला 284 लिटर, म्हणजे तासाला जेमतेम 12 लिटर देतं. उरलेला कॅन भरायला तासभर लागतो, आणि तासभर कुणी तोटीपाशी उभं राहत नाही.

मोबाइलवर गजर लावणं चांगलंच, पण नागपुरात जानेवारीत मोजलेला वेळ मे महिन्यात चालत नाही. मेम्ब्रेनचा आकडा 25 अंशांच्या पाण्यासाठी दिलेला असतो. पाणी तापलं की पातळ होतं आणि मेम्ब्रेनमधून जास्त जातं, दर अंशाला साधारण 3 टक्के. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हिवाळ्यात 18 आणि मे महिन्यात 35 अंशांवर असेल, तर हिवाळ्यातला तास उन्हाळ्यात 40 मिनिटांवर येतो. म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजा: मशीनची टाकी पूर्ण उपसा, तोटीखाली एक लिटरची बाटली लावा, किती मिनिटांत भरते ते लिहून ठेवा. फिल्टर बदलल्यावरही मोजा.

कॅनवर नजर असताना ओसंडते ती बऱ्याचदा शेजारची बादली. एक लिटर शुद्ध पाण्यामागे बऱ्याच घरगुती मशीन दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. त्या तासाभरात 24 ते 36 लिटर, आणि बादली असते 20 लिटरची. या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मोरीत सोडा किंवा 50 लिटरचा ड्रम ठेवा. ते पाणी फरशी पुसायला चालतं. बोअरचं असेल तर कूलरमध्ये मात्र ओतू नका, जाळ्यांवर पांढरा थर बसतो.

सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे. भरायच्या आधी मशीनचं बटण बंद करा. मग टाकीत आहे तेवढंच पाणी येईल. 8 लिटरच्या टाकीखाली 10 लिटरचा गंज (मोठं पातेलं) ठेवला तर तो ओसंडूच शकत नाही. अट एकच, गंज रिकामा हवा. तळाशी कालचं तीन लिटर पाणी असेल तर हिशेब चुकला.

बाजारात पाण्याला तार लागली की वाजणारे अलार्म मिळतात. ते नळाच्या पाण्यावर नीट वाजतात, पण आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असल्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि कधीकधी स्वस्तातला अलार्म गप्पच राहतो. तरंगणाऱ्या फ्लोटचा अलार्म घ्या, त्याला क्षारांशी घेणंदेणं नाही.

आणि भांडं नसतानाही ओटा ओला दिसला, तर मशीनच्या टाकीतला, टाकी भरली की पंप थांबवणारा फ्लोट अडकलेला असू शकतो. झाकण काढा, पंप चालू असताना स्वच्छ हातानं फ्लोट वर उचला. पंपाचा आवाज लगेच थांबायला हवा. थांबला नाही तर मशीनचा प्लग काढा, फ्लोटवरचा बुळबुळीत थर धुऊन पुन्हा बघा. तरीही पंप चालूच राहिला तर फ्लोटचा स्विच बदलून घ्या.