ओढ्यांचे व जलजीवांचे संवर्धन (पाणलोट क्षेत्रातील)

ज्या भूभागावर पडलेले पाणी उतारावरून वा जमिनीखालून वाहत अखेर एकाच नदीला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या नदीचे पाणलोट क्षेत्र. या क्षेत्रातील ओहळ, झरे व ओढे यांचे पाणी, तळ आणि काठ, तसेच त्यांच्या आधाराने जगणारे मासे, बेडूक, शिंपले, किडे, शेवाळ व पाणवनस्पती यांची एकत्र निगा राखणे, हा या संवर्धनाचा विषय आहे. ओढ्याचे बरेवाईट पुष्कळदा पात्राबाहेरच ठरते. म्हणून केवळ पाणी स्वच्छ करून किंवा मत्स्यबीज सोडून हे काम होत नाही.

अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये प्रवाहांची श्रेणी लावण्याची पद्धत मांडली आणि भूरूपशास्त्रज्ञ आर्थर स्ट्रॅलर यांनी ती सुटसुटीत केली. ज्याला दुसरा ओहळ मिळालेला नाही तो पहिल्या श्रेणीचा. असे दोन एकत्र आले की दुसऱ्या श्रेणीचा प्रवाह सुरू होतो. नदीच्या जाळ्याची एकूण लांबी मोजली तर तिचा मोठा हिस्सा या वरच्या, बहुतेकदा बिननावाच्या ओहळांचा निघतो. सर्वांत आधी बुजवले जातात किंवा नळांत घातले जातात तेही हेच. हे नुकसान खालच्या नदीपर्यंत पोचते, कारण दाट झाडीतून वाहणाऱ्या ओहळातले अन्न मुख्यतः गळलेल्या पानांचे असते. पाने कुरतडणारे किडे त्यांचा चुरा करतात आणि तो वाहत जाऊन खालच्या भागातील गाळून खाणाऱ्या जीवांना मिळतो.

ओढ्याची प्रकृती पाहायची तर उथळ, खळाळत्या भागातला एक दगड उचलून उलटा करावा. खालच्या बाजूला चपट्या अंगाची, पोटाच्या कडांना कल्ले असलेली मेफ्लाय या उडत्या किड्याची अळी चिकटलेली दिसते. शेजारी वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी असते. तीत कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याची अळी राहते. या दोन्ही गटांतल्या आणि स्टोनफ्लाय या तशाच पाण्यात वाढणाऱ्या किड्यांच्या बहुतेक जातींना प्राणवायूची कमतरता व प्रदूषण सोसत नाही. पाण्याची रासायनिक तपासणी त्या घटकेची स्थिती सांगते; या अळ्या तेथे महिनोन्‌महिने राहत असल्याने मागल्या काळाचीही साक्ष देतात.

ओढ्याचे सर्वांत मोठे व दुर्लक्षित दुखणे म्हणजे बारीक गाळ. सामन माशाची मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळातल्या गोट्यांत खड्डा करते, अंडी घालते आणि वरून गोटे सारते. गोट्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिले तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. उघड्या उतारावरून धुपून आलेली माती त्या फटींत बसली की अंडी जागच्या जागी गुदमरतात. पाणी वरून नितळ दिसत असले तरी हे घडलेले असू शकते.

उतारावरच्या झाडांचा पाण्याशी किती घट्ट संबंध असतो हे अमेरिकेतील हबर्ड ब्रुक प्रायोगिक वनात दिसून आले. तेथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका लहान पाणलोटातील सर्व झाडे तोडून जागेवरच ठेवली आणि पुढे तणनाशकाने नवी वाढ रोखली. ओढ्यातून जाणारे पाणी वाढले आणि त्यातील नायट्रेटचे (झाडांच्या पोषणाला लागणाऱ्या नत्रयुक्त क्षाराचे) प्रमाण अनेक पटींनी चढले.

म्हणून काठावरच्या झाडीचा पट्टा हा या कामाचा कणा मानावा. तो माती व खते अडवतो, मुळांनी काठ धरून ठेवतो आणि सावलीने पाणी गार राखतो. सावलीचे मोल आकड्यांत सांगता येते: समुद्रसपाटीला ०° से. तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो, ३०° से. ला जेमतेम ७.५ मिग्रॅ. काठावरून पात्रात कोसळलेले झाडही उपयोगी असते. त्याच्या आडोशाला डोह तयार होतो. एके काळी अशी लाकडे माशांना अडथळा समजून काढली जात, आता कित्येक ठिकाणी ती मुद्दाम टाकली जातात.

खरे अडथळे निराळे असतात. रस्त्याखालच्या मोरीचे तोंड पाण्यापासून हातभर उंच राहिले तरी लहान माशांची वरची वाट बंद होते. धरणांमुळे वाट तर अडतेच, शिवाय पुराचा हंगामी चढउतार नाहीसा होतो. म्हणून वर्षभर ठरावीक किमान पाणी सोडणे पुरेसे नसते. अंडी घालण्याच्या काळात चढ आणि अधूनमधून तळ धुऊन काढणारा लोंढाही लागतो.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरची दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. खालचे धरण हटताच, २०१२ मध्येच, चिनूक जातीचे सामन मासे त्या जागेच्या वर जाऊन अंडी घालताना आढळले. धरणांमागे दशकानुदशके अडकलेली वाळू व रेती पुढची काही वर्षे खाली वाहत राहिली आणि नदीच्या मुखाशी झिजलेला किनारा पुन्हा भरून आला.