आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे नुसती परराष्ट्र सेवा नव्हे

‘आंतरराष्ट्रीय संबंध’ विषयात एमए केलं तर एक तर परराष्ट्र सेवा, नाहीतर घरी बसा, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षानुवर्षं मुलांना सांगितलं जातं. हे चूक आहे. परराष्ट्र सेवेच्या परीक्षेला तर कुठलीही पदवी चालते! या विषयातली कौशल्यं वेगळी, आणि त्यांची गरज आपल्या दारातच आहे.

२०१४ आठवा. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून, ऐन हापूसच्या हंगामात, भारतीय आंब्याची आयात थांबवली. २०१५च्या सुरुवातीला बंदी उठली. अशा वेळी मूळ नियम वाचून बागायतदाराला समजेल असं एका पानाचं टिपण लिहिणारा माणूस लागतो. तो सरावानेच तयार होतो.

समुद्राचंही तेच. १९८२च्या सागरी कायदा कराराचं ७३वं कलम वर्गात वाचा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, त्या देशाचा मासेमारीवर हक्क असलेल्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडणारी परदेशी बोट पकडता येते, पण वाजवी जामीन दिल्यावर बोट आणि खलाशी लगेच सोडावे लागतात. मग अर्ध्या वर्गाने पकडणाऱ्या देशाची बाजू मांडायची, अर्ध्याने बोटवाल्यांची. ‘वाजवी’ म्हणजे किती, यावरच तासभर वाद चालेल. शेवटी दोन्ही गटांनी मिळून समझोत्याच्या चार ओळी लिहायच्या. खरी कसोटी तिथे लागते.