जोडदरवाजाचं कुलूप: मधल्या फटीचा इतिहास

सोसायटीच्या गच्चीवर, लग्नाच्या हॉलला, नाट्यगृहाला, दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरला आजही दोन कवाडांचा दरवाजा असतो. कुलूप साधारणपणे मधोमध बसवलेलं असतं आणि दरवाजा नेमका तिथेच सगळ्यांत कच्चा असतो. एका कवाडाच्या दाराचं तसं नसतं. त्याच्या एका कडेला बिजागऱ्या, दुसऱ्या कडेला चौकट. कुलपाची जीभ चौकटीत शिरली की काम संपलं, कारण चौकट भिंतीत पक्की बसलेली असते. जोडदरवाजात जीभ शिरते ती दुसऱ्या कवाडात, आणि तेही हलणारंच. दोन झिंगलेल्या माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभं राहावं तसा हा प्रकार. खांद्याचा जोरदार धक्का बसला की दोघं मिळून आत.

म्हणून दोघांपैकी एकाला आधी जागच्या जागी खिळवावं लागतं. रोज उघडतं ते चालतं कवाड आणि खिट्टी लावून ठेवलेलं ते बसतं कवाड, असं या लेखापुरतं म्हणू. (मिस्त्री दोघांनाही पल्लाच म्हणतो.) बसत्या कवाडाला स्थिरपणा कुठून तरी उसना आणावा लागतो. तो देऊ शकणाऱ्या जागा तीनच: बाजूची भिंत, वरची चौकट आणि खालची जमीन. जोडदरवाजाच्या कुलपाचा सगळा इतिहास या तिघांभोवती फिरतो.

सर्वांत जुना उपाय भिंतीचा. कवाडं लावून घ्यायची आणि मागून एक जाड लाकडी अडसर आडवा सरकवायचा. कवाडं दोन असोत की चार, अडसराला फरक पडत नाही, कारण धक्का त्याच्यामार्फत थेट दगडी भिंतीत जातो. सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्याच्या दरवाजात आत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती नीट पाहा. समोरासमोर दोन चौकोनी भोकं दिसतात. बऱ्याच ठिकाणी त्यातलं एक भोक वीतभर खोल असतं आणि दुसऱ्यात अख्खा हात घातला तरी तळ लागत नाही. दरवाजा उघडा असताना अडसर या खोल भोकात पूर्ण आत ढकलून ठेवायचा, बंद करताना ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवायचा. त्याला ठेवायला वेगळी जागा लागत नाही, तो हरवत नाही आणि घाईच्या वेळी शोधावाही लागत नाही. गंजणारा भागच नाही. लाकूड कधीच कुजून गेलं, भोकं मात्र अजून आहेत.

ठाण्याचा किल्लाही त्याच जमान्यातला. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे दरवाजे न्याहाळायला आत जाण्याची कुणी इच्छा धरू नये. याच किल्ल्यात, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खून प्रकरणात, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी डांबलं होतं. पहारा खास गोऱ्या शिपायांचा. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले, ते भिंतीला पाडलेल्या भोकातून. दरवाजे, अडसर, कुलपं सगळी जागच्या जागी शाबूत. दरवाजा जितका पक्का, तितकी भिंतही पक्की लागते, हे पुढे कुलूपवाल्यांना वारंवार ऐकून घ्यावं लागलं.

अडसराची अडचण उघड आहे: तो फक्त आतून लागतो. घरातली सगळी माणसं बाहेरगावी निघाली तर काय? इथे वाड्यांच्या सुतार-लोहारांनी जे केलं ते मला किल्ल्याच्या अडसरापेक्षाही हुशारीचं वाटतं. ठाण्यातल्या चरई, खारकर आळी, टेंभी नाका या भागांत जुन्या घरांपैकी जी थोडी उरली आहेत, तशा घरांच्या दारावर बाहेरून वरच्या भागात एक लोखंडी साखळी लोंबताना दिसते. तिचं टोक कवाडावर ठोकलेलं असतं आणि कोयंडा असतो वर, चौकटीच्या आडव्या लाकडात. साखळी उचलून कडी कोयंड्यात अडकवायची आणि कुलूप तिथे घालायचं. कुलूप मधल्या फटीवर नाहीच. ते कवाडाला थेट चौकटीशी बांधतं.

पण साखळी एकाच कवाडाला, मग दुसरं का उघडत नाही? त्यासाठी मधली पट्टी. एका कवाडाच्या मोकळ्या कडेवर वरपासून खालपर्यंत जाड, बहुधा नक्षी कोरलेली लाकडी पट्टी ठोकलेली असते आणि ती दुसऱ्या कवाडावर दोन बोटं चढते. लोक ती शोभेची समजतात. दरवाजे आत उघडणारे आणि पट्टी बाहेरच्या अंगाला. त्यामुळे पट्टीवालं कवाड आत ढकललं की पट्टी दुसऱ्याला सोबत घेऊन जाते. दुसरं पक्कं असेल तर पट्टीवालंही हलत नाही. म्हणजे पट्टी ज्याच्यावर चढते त्या कवाडाला चौकटीशी बांधलं की दोन्ही बंद. याचीच दुसरी बाजू अशी की पट्टीवालं कवाड आधी लावायचं आणि पट्टी नसलेलं नंतर, हा क्रम चुकला की दरवाजा लागतच नाही. घरातल्या पोराटोरांना हे सांगावं लागायचं नाही, हाताला सवय असायची. आजच्या आगरोधक जोडदरवाजांवर हाच क्रम सांभाळायला चौकटीत एक वेगळं यंत्र बसवतात. त्याला कोऑर्डिनेटर म्हणतात आणि ते बऱ्यापैकी महाग असतं.

खुद्द कुलपाचा इतिहास इथे थोडक्यातच पुरे, कारण त्यातल्या बहुतेक शोधांचा विषय किल्ली होता, दरवाजा नव्हता. लंडनमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये आणि जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये नवी कुलपं आणली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेच्या हॉब्सने ब्रामाचं ‘न उघडणारं’ कुलूप बरेच दिवस खटपट करून उघडून दाखवलं. मग लायनस येल धाकट्याने १८६० च्या दशकात आजचं पिनांचं सिलिंडर कुलूप घडवलं. आपल्याकडे १८९० मध्ये अलिगढला कारखान्यात कुलपं बनू लागली. मुंबईत लालबागला अर्देशर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये कुलपं बनवायला घेतली. त्याच कंपनीचं १९५४ सालचं ‘नवताल’ पुढे ठाणे-मुंबईतल्या असंख्य खोल्यांच्या अल्ड्रॉपला, म्हणजे दाराच्या सरकत्या कडीला, लटकलं.

हा अल्ड्रॉप चाळीचा साथीदार. चाळीतली दारं दोन अरुंद कवाडांचीच असत, कारण रुंद कवाड गॅलरीत किंवा दहा बाय दहाच्या खोलीत उघडायला जागा नसे. बाहेरून अल्ड्रॉपचा आडवा दांडा आणि कुलूप, आतून बसत्या कवाडाला वर-खाली टॉवर बोल्ट, म्हणजे सरकत्या उभ्या खिट्ट्या. भारतीय मानकांत आजही या दोघांसाठी वेगवेगळे क्रमांक आहेत: टॉवर बोल्टसाठी आयएस २०४ आणि कुलूप लावायच्या सरकत्या दांड्यासाठी आयएस २८१. दिवसभर दार उघडं, दुपारी एक कवाड पुढे लोटलेलं आणि रात्री दोन्ही बंद. कुलूप लागलं म्हणजे घरातले गावाला गेले, हे शेजाऱ्यांना न सांगता कळायचं.

घरांतून जोडदरवाजा उठला तो फ्लॅटमुळे. १९७० मध्ये शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको स्थापन झालं, वाशीपासून नवी मुंबई उभी राहू लागली. ठाण्यातही नौपाडा-पाचपाखाडीत बंगले पाडून इमारती आल्या. तीन-साडेतीन फुटांच्या दारासाठी कारखान्यातून तयार येणारं एकच सपाट फ्लश डोअर स्वस्त पडत होतं, आणि त्याला नाइट लॅच (दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप) किंवा मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत कोरून बसवायचं कुलूप) बसवणं सोपं. चोरीपासून बचावाच्या दृष्टीने पाहिलं तर हा बदल चांगलाच होता. जोडदरवाजा उरला तो गर्दीच्या जागी. तिथे प्रश्न उलटा होता. चोराला बाहेर कसं ठेवायचं याच्याऐवजी माणसांना बाहेर कसं सोडायचं.

इथे जमिनीतल्या भोकाची गोष्ट येते. बसत्या कवाडाची खालची खिट्टी फरशीतल्या एका भोकात उतरते. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांचा खेळ होता. शेवटी रंगमंचावरून खाऊ-खेळणी वाटायला सुरुवात झाली, तेव्हा वरच्या सज्जातली मुलं जिन्याने खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून ते खिट्टीने पक्कं केलेलं होतं. १८३ मुलं चेंगरून मेली. ती खिट्टी कुणी लावली हे शेवटपर्यंत ठरलं नाही. रॉबर्ट ब्रिग्ज याने १८९२ मध्ये ‘पॅनिक बोल्ट’चं पेटंट घेतलं. दारावर आडवी दांडी, आतून अंगाने ढकलली तरी खिट्ट्या सुटतात. किल्ली नको, मूठ फिरवणं नको, मुळात काही कळायलाच नको.

शोध लागला तरी तो सगळीकडे पोचला नव्हता. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला दुपारच्या खेळात आग लागली. थिएटर जेमतेम महिनाभरापूर्वी उघडलेलं आणि जाहिरातीत आगीपासून पूर्ण सुरक्षित. सहाशेहून जास्त माणसं गेली. काही दरवाजांवर बास्क्यूल कुलूप होतं: एक छोटी मूठ फिरवली की एक गज वर चौकटीत आणि दुसरा खाली जमिनीत जातो. जोडदरवाजासाठी यांत्रिकदृष्ट्या हे उत्तम. बसतं कवाड दोन्ही टोकांना एका हालचालीत पक्कं होतं. पण अमेरिकेत ते तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि धुरात ती मूठ कशी फिरते हे शोधायला कुणाला वेळ मिळाला नाही. त्या खेळाला जायचं हुकलेला कार्ल प्रिन्झलर हा इंडियानापोलिसचा हार्डवेअर विक्रेता. त्याने हेन्री ड्यूपॉन्ट याच्या साथीने १९०८ पर्यंत आडव्या दांडीचं कुलूप बाजारात आणलं. मॉल, मल्टिप्लेक्सच्या मागच्या दारांवर दिसणारी लांब लोखंडी पट्टी त्याच घराण्यातली. जोडदरवाजावर बघितलंत तर पट्टीपासून वर आणि खाली दोन उभे गज जाताना दिसतील. बास्क्यूलचीच रचना, फक्त मुठीच्या जागी आता सगळं अंग चालतं.

आपल्याकडे १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमाला लागलेल्या आगीत ५९ जण गेले. बाल्कनीत जादा खुर्च्या घालून बाहेर पडायचा एक मार्ग बंद केलेला होता. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत बाहेर पडायचं दार किमान १००० मिमी रुंद आणि सभागृहांत किमान २००० मिमी हवं असं सांगितलेलं आहे. ज्या बाजूने लोक बाहेर पडणार, त्या बाजूने ते किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, हेही त्यात आहे. दोन मीटरचं एकच कवाड कुणी बसवत नाही, ते बिजागऱ्यांना पेलणार नाही. म्हणजे ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह असो की साधा लग्नाचा हॉल, जोडदरवाजा हा नियमानेच आला, आणि त्याच्यासोबत वर-खाली खिट्ट्यांचा जुना प्रश्नही. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. कागद वेळेवर जातो. दाराला लागलेली साखळी आणि कुलूप मात्र कित्येकदा पुढच्या जुलैपर्यंत तिथेच असतं.

नवी मुंबईत ऐरोली, महापे, बेलापूरच्या ऑफिसांत काचेचे जोडदरवाजे आहेत. काचेत मॉर्टिस लॉक बसवायला जाडी नसते, म्हणून कवाडाच्या खालच्या कोपऱ्यात पत्र्याचं फिटिंग आणि त्यातून जमिनीत उतरणारी खिट्टी. दिवसा कामाला येतो तो वरचा चुंबक. प्रत्येक कवाडामागे चौकटीत एक विद्युतचुंबक, समोर कवाडावर लोखंडी पट्टी, आणि दोघांमध्ये साधारण २८० किलोची पकड. वाड्यातली साखळी जशी कवाडाला वरच्या लाकडाशी बांधायची, तसाच हा चुंबक बांधतो. पकडीला सतत वीज लागते, त्यामुळे वीज गेली किंवा आगीच्या अलार्मने ती तोडली की दरवाजा आपोआप मोकळा. लोडशेडिंगच्या दिवसांत म्हणूनच अशा चुंबकांना बॅटरी जोडाव्या लागत, आणि अलार्मची तार त्या बॅटरीच्याही पुढे जोडली आहे ना, हे तपासणं विसरलं जाई. अलार्मने मुख्य वीज तोडली आणि बॅटरीने चुंबक धरून ठेवला, तर सगळी मांडणी फुकट.

जुन्या हॉलांत आणि सोसायट्यांत सगळ्यांत जास्त बिघडतं ते मात्र जमिनीतलं भोक. झाडू मारताना धूळ त्यात जाते, पावसाळ्यात चिखल, मग खिट्टी अर्धीच उतरते. कधी फरशी बदलताना ठेकेदार भोक बुजवून टाकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दरवाजा वरच्या खिट्टीवर बंद झाल्यासारखा दिसतो. अशा दाराला पाच हजारांचं कुलूप बसवलं तरी खालच्या कोपऱ्यात पायाने ढकलून बघा: कवाड बोटभर आत जातं आणि मधली फट खालून उघडते. फरशीत बसवायची, स्प्रिंगवर वर येणाऱ्या पितळी टोपणाची खोबणी मिळते. खिट्टी उतरली की टोपण दबतं, उचलली की पुन्हा फरशीच्या पातळीला येतं, धूळ आत जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात ती मागितली तर बहुतेक वेळा आधी टॉवर बोल्टच पुढे येतो. ‘डस्टप्रूफ सॉकेट’ असं म्हटलं की मिळते.