बास रॉकवरचे काळे डोळे

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बास रॉक नावाचा एक ज्वालामुखीजन्य खडक समुद्रात उभा आहे. उत्तर अटलांटिकमधील गॅनेट या शुभ्र, धिप्पाड समुद्रपक्ष्याची ती जगातील सर्वांत मोठी वसाहत. २०१४ च्या मोजणीत तिथे सुमारे ७५ हजार घरटी आढळली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात, ऐन विणीच्या काळात, बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू या खडकावर पोहोचला आणि घरट्यांच्या दाटीत मेलेल्या पक्ष्यांचा खच पडू लागला.

रानबदकांच्या आतड्यांत या कुळातले सौम्य विषाणू पूर्वीपासून नांदत आले आहेत. मात्र आजच्या घातक वंशाचा माग १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांपर्यंत जातो. सौम्य विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन कार्यक्षम होण्यासाठी श्वसनमार्गातील किंवा आतड्यांतील विशिष्ट विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, ते चिरावे लागते. घातक प्रकारात त्या जागेची रचना अशी बदललेली असते की शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे विकर ते काम करते, आणि म्हणून संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचतो. माणसाने कोंबड्या-बदकांची दाटी करून जे पोसले, त्याची किंमत खुल्या समुद्रावरचे पक्षी मोजत आहेत, हे मला फार अस्वस्थ करते.

गॅनेटची घरटी इतकी जवळजवळ असतात की मान लांबवली तर शेजाऱ्याला चोच लागावी. ग्रेट स्कुआ हा पक्षी तर मेलेल्या पक्ष्यांचे मांसही खातो. त्याची ब्रिटनमधील संख्या या साथीत सुमारे तीन चतुर्थांशांनी घटली.

बास रॉकवर जे वाचले, त्यांच्यातील काहींची एरवी फिकट निळी असणारी बुबुळे काळी पडलेली दिसली. संशोधकांनी धडधाकट दिसणाऱ्या १८ गॅनेटांचे रक्त तपासले. आठ पक्ष्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि त्यांपैकी सात पक्ष्यांचे डोळे काळे होते. आजारातून उठल्याची खूण अशी डोळ्यांतच उमटली होती.

गॅनेटची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः वीण करू लागेपर्यंत साधारण पाच वर्षे जातात. प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगतात, या एका भरवशावर अशी संथ वाढ निभावते. साथीने नेमके प्रौढच नेले. २०२३ मध्ये खडकावर सुमारे ५२ हजार घरटी भरली.