ट्रंक ऑर ट्रीट आणि ट्रिक ऑर ट्रीट एकच नाही हं

टेक्सासला नुकत्याच आलेल्या मैत्रिणीने मुलाच्या शाळेच्या हॅलोविनच्या फ्लायरचा फोटो पाठवला आणि विचारलं, अगं हे ट्रंक ऑर ट्रीट छापलंय ते चुकलंय का? चुकलेलं नाहीये, ती वेगळीच गोष्ट आहे, आणि दरवर्षी कोणीतरी नवीन आलेलं हे विचारतंच म्हणून एकदा नीट लिहितेय.

ट्रिक ऑर ट्रीट म्हणजे हॅलोविनला, 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मुलांनी घरोघरी जाऊन कँडी गोळा करणं. ज्या घराचा पोर्च लाईट चालू त्याच घराची बेल वाजवायची, बंद असेल तर पुढे जायचं.

ट्रंक म्हणजे गाडीची डिकी. शाळेच्या नाहीतर चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावतात, डिक्या उघडून सजवतात, कोणी कोळ्याची जाळी लावतं, कोणी पांढऱ्या पुठ्ठ्याचे दात चिकटवून डिकीचा अख्खा जबडाच करतं, आणि मुलं गाडी गाडी फिरून कँडी गोळा करतात. दीड-दोन तासांत संपतं. बऱ्याचदा हे 31 च्या आधीच असतं, त्यामुळे तारीख नीट बघा. गाडी लावायची असेल तर आधी नाव द्यावं लागतं आणि भरपूर कँडी लागते, नुसतं मुलाला घेऊन जायचं असेल तर एवढं काही नाही.

लोक ट्रंक निवडतात ते मुख्यतः सेफ्टीसाठी. आता अनोळखी माणूस कँडीत विष घालेल ही भीती मला तरी पटत नाही, जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं अशा बातम्या तपासल्या आणि अनोळखी माणसाच्या अशा कँडीने मूल दगावल्याची एकही पक्की केस त्यांना सापडली नाही, आणि 1974 मध्ये टेक्सासमध्येच जो मुलगा गेला त्याला विष सख्ख्या बापाने दिलं होतं. खरा धोका रस्त्यावरच्या गाड्यांचा. 2018 च्या एका अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा 43 टक्के जास्त निघाला, आणि तो बंद पार्किंगमध्ये खरंच टळतो. व्हीलचेअरवरच्या मुलांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांची पण सोय होते.

(दोन्हीकडची कँडी घरी आल्यावर बघून घ्या, गमी आणि मार्शमेलोमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, शाकाहारी असाल तर.)

पण ट्रंकमध्ये भेटतात ते शाळेतलेच लोक. शेजारी नाही भेटत. आपण भोंडल्याला या घरातून त्या घरात जात खिरापत ओळखायचो, त्यातून कुठल्या दारामागे कोण राहतं ते कळायचं, इथे ते काम वर्षातून ही एकच संध्याकाळ करते. गेल्या 31 ला आमच्या कोपऱ्यावरच्या आजी आठ वाजता पण पोर्चवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर कँडीचा बोल जवळजवळ भरलेला, आणि माझ्या लेकीच्या पिशवीत त्यांनी दोन्ही हातांनी ओंजळभर घातली. मैत्रिणीला म्हटलं, शाळेच्या ट्रंकला जा, पण 31 ला गल्लीतली पाच घरं तरी कर, आणि आपला लाईट चालू ठेव.