धास्तीचा बाजार: अमेरिकेत काडतुसांचे भाव का चढतात, का पडतात

अमेरिकेतला नेमबाज काडतुसांचा भाव डब्यावर मोजत नाही, नगावर मोजतो. ५० नगांचा डबा कितीला, हजाराची पेटी कितीला हे पाहिले की मनातल्या मनात भागाकार होतो आणि एका गोळीला किती सेंट पडले ते कळते. ९ मिलिमीटरची, पितळी पुंगळीची, सरावाची साधी गोळी २०१९ मध्ये १६ ते १८ सेंटला मिळत होती. २०२१ च्या सुरुवातीला तीच ७०-८० सेंटवर गेली, काही ठिकाणी तर डॉलरला टेकली. त्यानंतर उतरत उतरत २०२४ मध्ये ती २२ सेंटच्या आसपास आली. भाव असे पडू लागले की नेमबाजीच्या रेंजवर एकच प्रश्न फिरतो: अजून थांबावे, की आताच भरून ठेवावे? त्याचे उत्तर हवे असेल तर २००८ पासून हा भाव कशाने हलला ते नीट पाहावे लागते.

आधी कायद्याचे थोडे. १९६८ च्या गन कंट्रोल कायद्याने काडतुसे टपालाने मागवण्यावर बंदी घातली होती आणि विक्रेत्याला गिऱ्हाइकांची नोंदही ठेवावी लागे. १९८६ च्या कायद्याने यातले बहुतेक निर्बंध काढले. तेव्हापासून बहुसंख्य राज्यांत काडतुसांची पेटी कुरिअरने थेट घरी येते, आणि घरात किती ठेवायची याला केंद्रीय कायद्यात मर्यादा नाही. भारतात परवान्यावरच काडतुसांची संख्या लिहिलेली असते, त्यामुळे आपल्याकडे ‘साठा’ हा विषयच उद्भवत नाही. तिकडे तो उद्भवतो, आणि साऱ्या तेजी-मंदीचे मूळ तिथेच आहे.

लासलगावचा कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दहा वर्षांचा भरून ठेवत नाही, कारण चाळीत तो सडतो. काडतूस सडत नाही. ओल आणि उष्णता यांपासून जपले तर ते कित्येक दशके चालते. त्यामुळे अमेरिकेत काडतुसांचे सर्वांत मोठे कोठार कारखान्यात किंवा दुकानात नाही, लोकांच्या तळघरांत आणि कपाटांत आहे. त्या कोठारात माल किती आहे हे कोणालाच दिसत नाही. ते भरू लागले की दुकाने रिकामी होतात. ते तुडुंब भरले की वर्ष-दोन वर्षे कोणी दुकानाकडे फिरकत नाही आणि भाव कोसळतात. प्रत्यक्ष नेमबाजी, शिकार, स्पर्धा यांत जळणारी दारू साधारण संथ गतीने वाढते-घटते. भावाला हेलकावे देते ती धास्ती.

ही धास्ती नोव्हेंबर २००८ मध्ये सगळ्यांना दिसली. बराक ओबामा निवडून आले आणि बंदुकांवर नवे निर्बंध येणार या समजुतीने लोकांनी दुकाने उपसली. २००९ मध्ये .३८० ऑटोसारखी छोट्या पिस्तुलांची काडतुसे महिनोन्‌महिने मिळेनात. निर्बंध काही आले नाहीत. २०१० पर्यंत बाजार बराचसा सावरला.

खरा धडा मिळाला तो पुढच्या वेळी. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावात, सँडी हूक प्राथमिक शाळेत, २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. देश सुन्न झाला, कायद्याची मागणी उठली आणि त्याच आठवड्यांत काडतुसांची दुकाने रिकामी झाली. मला या बाजाराबद्दल लिहिताना सर्वांत जड जाते ते हेच: भावाचा आलेख काढला तर त्यातले कित्येक उंचवटे कुठल्या ना कुठल्या हत्याकांडानंतरचे असतात. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक घेणाऱ्यांची पार्श्वभूमी-तपासणी वाढवण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ वर अडला, कारण ६० मते लागत होती. ‘असॉल्ट’ रायफलींवरची बंदीही फेटाळली गेली. कायदा झाला नाही, तरी काडतुसे परतली नाहीत.

त्यातही .२२ ची कहाणी सर्वांत बोलकी. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे अमेरिकेतले सर्वांत स्वस्त काडतूस. बाप लेकाला नेम शिकवतो तो याच्यावर, आणि खारी-सशांची शिकार होते तीही यानेच. (कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला तेही .२२ वरच. अर्थात स्पर्धेचा माल निराळ्या दर्जाचा आणि कितीतरी महाग असतो.) २०१२ च्या आधी या काडतुसाच्या ५०० नगांच्या पुड्याला तिथे सरळ ‘वीट’ म्हणत, आणि ती २०-२५ डॉलरला कुठेही मिळे. २०१३ मध्ये वॉलमार्टने एका गिऱ्हाइकाला दिवसाला तीनच डबे असा नियम केला, तरी ट्रक येण्याच्या वेळी माणसे दारात उभी असत. त्यातली काही तोच माल दुप्पट-तिप्पट भावाने पुढे विकत. ९ मिलिमीटर २०१४ मध्ये सुरळीत मिळू लागले, .२२ ला मात्र २०१६ उजाडले.

एवढा उशीर का झाला? .२२ मध्ये ठिणगी देणारे रसायन पुंगळीच्या काठात भरलेले असते. पुंगळी एकदा उडाली की ती पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे घरी काडतुसे भरणाऱ्या हौशी मंडळींना हा मार्गच बंद. शिवाय .२२ ची यंत्रे वेगळी, नफा नगामागे अगदी किरकोळ. कारखाने तिन्ही पाळ्या चालवत होते, पण नव्या यंत्रांत पैसा ओतायला कोणी तयार नव्हते. गर्दी ओसरली की ती यंत्रे धूळ खात पडणार हे मालकांना पक्के माहीत होते.

त्या काळात अफवाही पुष्कळ पिकल्या. सरकारचे होमलँड सिक्युरिटी खाते अब्जावधी गोळ्या विकत घेऊन बाजार कोरडा करते आहे, ही सर्वांत गाजलेली. संसदेच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी २०१४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा खात्याची खरेदी वाढलेली नव्हती. २०१३ मध्ये ती उलट घटली होती. दुसरी अफवा शिशाची. मिझुरीतल्या हर्क्युलेनियमचा, खनिजापासून शिसे काढणारा देशातला शेवटचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला आणि ‘आता गोळ्याच बनणार नाहीत’ अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात गोळ्यांचे बहुतेक शिसे जुन्या बॅटऱ्या वितळवून येते. भावावर काही परिणाम झाला नाही. धास्तीला मात्र खतपाणी मिळाले.

नुसत्या प्रस्तावानेही भाव कसा उडतो ते फेब्रुवारी २०१५ मध्ये दिसले. एटीएफ या केंद्रीय खात्याने एम-८५५ या हिरव्या टोकाच्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफल-काडतुसावर बंदी सुचवली. काही दिवसांत ते दुकानांतून नाहीसे झाले. मार्चमध्ये खात्याने प्रस्ताव मागे घेतला, तोवर लोकांनी चढ्या भावाने पेट्या भरून ठेवल्या होत्या.

मग आली मोठी मंदी. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन येणार असे गृहीत धरून कारखान्यांनी आणि दुकानदारांनी माल साचवला. निवडून आले डोनाल्ड ट्रम्प. धास्ती रात्रीतून गेली, घरे आधीच भरलेली होती, मागणी आटली. २०१७ ते २०१९ ही खरेदीदाराची सोन्यासारखी वर्षे. पण त्याच स्वस्ताईत पुढच्या टंचाईचे बी पेरले गेले. दोनशे वर्षांची रेमिंग्टन कंपनी मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा. तिचा आर्कान्सामधल्या लोनोकचा प्रचंड काडतूस-कारखाना नेमका जेव्हा हवा होता तेव्हा मंदावलेला होता. व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने तो ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला, आणि तो पुरता वेगात यायला २०२१ उजाडले. भाव पडले म्हणून आनंद मानताना हे लक्षात ठेवावे लागते: फार काळ पडलेला भाव कारखाने बंद पाडतो.

२०२० मध्ये एकदम सगळेच आले. साथ, टाळेबंदी, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरची निदर्शने आणि दंगली, त्यात निवडणुकीचे वर्ष. एफबीआयकडे झालेल्या पार्श्वभूमी-तपासण्या २०१९ मध्ये २ कोटी ८४ लाख होत्या, २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण दिशा कळते. उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ८० लाखांहून अधिक लोकांनी त्या वर्षी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. प्रत्येकाने फक्त दोन डबे घेतले तरी किती गोळ्या होतात ते मोजून पाहावे. हा नवा गिऱ्हाईक साठेबाज नव्हता. त्याच्या कपाटात एकही गोळी नव्हती, म्हणून तो आला होता. व्हिस्टाने आपल्याकडे एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या साचल्याचे सांगितले.

घोडे अडले ते प्रायमरवर. काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, दारू, पुढची गोळी आणि बुडाशी बसवलेली, ठिणगी देणारी प्रायमरची टोपी. पिस्तुलाच्या छोट्या प्रायमरचा व्यास जेमतेम साडेचार मिलिमीटर. त्यात शिशाचे एक अतिसंवेदनशील स्फोटक संयुग भरतात. ते ओले असतानाच हाताळावे लागते, कारण वाळले की घर्षणानेही उडते. जाड भिंतींच्या सुट्या खोल्या, सरावलेले कामगार, ढीगभर परवाने हे सारे जुळवून नवी प्रायमर-शाखा उभी करायला वर्षे जातात. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे मोजकी: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर, रेमिंग्टन. त्यांनी आपले प्रायमर आधी आपल्याच काडतुसांना वापरले. घरी काडतुसे भरणाऱ्यांना ३० डॉलरचा हजारी डबा शंभर डॉलरहून जास्त देऊनही मिळेना.

भाव उतरू लागला तोच नवा अडथळा आला. रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाबद्दलच्या निर्बंधांत अमेरिकेने ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने थांबवले. तुला, बर्नाउल, वुल्फ ही पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसे म्हणजे एके-४७ जातीच्या रायफलवाल्यांचा रोजचा शिधा. त्यांची ७.६२×३९ ची गोळी पूर्वी २०-२५ सेंटला मिळे. जुने परवाने संपत गेले तसा तो भाव इतिहासजमा झाला. १९९४ मध्ये चिनी काडतुसांची आयात बंद झाली तेव्हाही असेच झाले होते. धास्तीने चढलेला भाव उतरतो, पण पुरवठ्याचा झराच बंद झाला की तो परत खाली येत नाही. साठा करणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे.

२०२२ ते २०२४ ची उतरण पहिल्या प्रकारची होती. नव्या गिऱ्हाइकांची कपाटे भरली, कारखाने पूर्ण वेगात आले, दुकानदारांनी महाग घेतलेला माल गोदामात अडकला आणि तो खपेपर्यंत त्यांनी नव्या मागण्या कमी केल्या. तरी २०१९ चा १६ सेंटचा आकडा परत येईल अशी आशा धरू नये. त्या पाच वर्षांत डॉलरची महागाई वीस टक्क्यांहून जास्त झाली. म्हणजे २०२४ मधले २१-२२ सेंट हे खऱ्या अर्थाने जवळपास जुन्याच भावाइतके होते. बरेच जण तळ गाठला असतानाही तळाची वाट बघत बसले ते हा हिशेब न केल्यामुळे.

आणि तळ आता खालून वर ढकलला जातो आहे. युक्रेन युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढवली. तोफेच्या आणि पिस्तुलाच्या दारूला नायट्रोसेल्युलोज हे मूळ रसायन एकच लागते, आणि अमेरिकेत लष्करासाठी त्याचे मुख्य उत्पादन व्हर्जिनियातल्या रॅडफर्डच्या एकाच कारखान्यात होते. २०२४ मध्ये घरी काडतुसे भरण्याच्या दारूचे भाव काडतुसांचे भाव पडत असतानाच चढले, हे त्यामुळेच. तांबे महागले की पितळ महागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून अर्धतयार तांब्याच्या आयातीवर ५० टक्के शुल्क लागले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून काडतुसांवर राज्याचा ११ टक्के कर आहे, तोही १९३७ पासूनच्या वन्यजीव-संवर्धनाच्या ११ टक्के केंद्रीय कराशिवाय.

मग भरायचे केव्हा? माझ्या मते खुणा तीन. कारखानेच डब्यामागे रोख परतावा देऊ लागले, एफबीआयचा मासिक तपासणी-आकडा मागच्या वर्षाहून सतत खाली राहिला, आणि प्रायमर कोणत्याही मर्यादेशिवाय मिळू लागले, की ती वेळ आली. निवडणुकीच्या वर्षातली शरद ऋतूची खरेदी टाळावी, हत्याकांडानंतरच्या आठवड्यांतली तर हमखास टाळावी. वर्षभरात आपण खरोखर किती गोळ्या उडवतो ते मोजून तेवढ्या, आणि वर आणखी एका वर्षाच्या, ठेवल्या तर २०१३ किंवा २०२१ सारखी दोन वर्षे सराव न थांबता निघतात. पेटी घेण्याआधी त्याच काडतुसाचा एक डबा आपल्या पिस्तुलात चालवून पाहावा. आणि साठा कुलपात, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. जुना माल आधी उडवता यावा म्हणून डब्यावर खरेदीचा महिना लिहिण्याची पद्धत रेंजवरच्या जाणत्या मंडळींत आहे.